कमी हवेची खोली

हवाबाई हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते कायमचं. नाव ऐकून नव्या माणसाला वाटायचं, बाई हवा देत असतील. प्रत्यक्षात ती हवा काढून घ्यायची. शहराच्या टोकाला, गोदामांच्या रांगेत, एका बैठ्या इमारतीत तिची प्रयोगशाळा होती, आणि तिथं काचेच्या भिंतीची एक खोली. आत सरकत्या पट्ट्याचं चालायचं यंत्र, एक खुर्ची, एक खाट. पलीकडचं मशीन खोलीतला ऑक्सिजन हळूहळू कमी करायचं आणि आतल्या माणसाच्या शरीराची समजूत व्हायची, आपण पर्वतावर आहोत. पाय जमिनीवर, छाती सहा हजार मीटरवर. काचेबाहेर खुर्ची टाकून हवाबाई बसलेली.

वीसेक वर्षं ती अशीच बसली होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हिनं तर ते दुरूनही फारसे पाहिले नव्हते. हिनं पाहिली ती माणसं. धापा टाकणारी, ओठ निळे पडलेली, 'मला काही होत नाही' असं छातीठोक सांगता सांगता भिंतीला टेकणारी. घरी गेल्यावर तिला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा आणि त्याचाही कंटाळा यायचा. आताशा तर सकाळी जिना चढताना वाटायचं, आज मशीन बंद पडलं तर किती बरं होईल. पण मशीन काही बंद पडत नव्हतं, कारण मेकॅनिक भलताच कामसू होता.

त्यात भर भिंगरीची. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. भिंगरी म्हणजे थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. एका जागी कधी बसली नाही म्हणून भिंगरी. जगातल्या फार उंच पर्वतांपैकी एका पर्वतावर जाणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती, आणि सरावासाठी दोन वर्षांपासून ती मावशीच्याच घरी राहत होती. पहाटे पाठीवर वाळूची पिशवी बांधून पळायची, आल्यावर स्वयंपाकघरात चिखलाचे बूट काढायची आणि रोज नव्यानं भांडायची. मावशीनं पाणी पी म्हटलं तरी, 'आत्ताच का?' म्हणायची.

तुकडीतल्या प्रत्येकाला मावशीच्या खोलीतून पार व्हावं लागे. हवाबाईनं 'हो' म्हटलं तर जायचं, 'नाही' म्हटलं तर घरी बसायचं. तुकडीचा प्रमुखही तिच्या शब्दापुढे जात नसे. आणि नेमकं हेच भिंगरीच्या आईला ठाऊक होतं.

भिंगरीची चाचणी ठरली त्याच्या आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई दुसऱ्या गावी शिवणकामाचं दुकान चालवायची. नवरा गेल्यावर तिनं शिलाईच्या मशीनवरच मुलगी वाढवली होती.

"उद्या आहे ना गं?" ताई म्हणाली.

"हो."

"मग तू नाही म्हण."

"ताई, असं कसं?"

"असंच. एक शब्द तर म्हणायचाय. तिला नापास कर, सुंठीवाचून खोकला जाईल. ती माझ्याशी भांडेल, तुझ्याशी भांडेल, वर्षभर तोंड फुगवेल. फुगवू दे. पण असेल तरी डोळ्यांसमोर!"

"आणि खरंच पास झाली तर?"

ताई म्हणाली, "मी तुझ्या भरवशावर तिला तिकडं ठेवली."

फोन ठेवून हवाबाई ओट्याशी उभी राहिली. तिला ताईचा राग आला नाही. तिलाही भिंगरीनं जाऊ नये असंच वाटत होतं, ताईइतकंच, कदाचित जास्तच, कारण वर काय होतं हे ताईला फक्त ऐकून माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. आज मायेपोटी खोटं 'नाही' म्हटलं, तर उद्या कुणाच्या भिडेपोटी खोटं 'हो' म्हणायला जीभ अडखळणार नाही. मग त्या काचेला अर्थ काय उरला? एवढा विचार करून ती इतकी दमली की जेवायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी खोलीत शिरली ती उड्या मारतच. पायात वर घालायचे जाडजूड बूट, पाठीवर वजन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. पट्टा चालू झाला. मेकॅनिकनं हवा उतरवायला सुरुवात केली. चिमट्याचा आकडा खाली खाली येऊ लागला आणि भिंगरीच्या खांद्यांची लय बिघडू लागली.

इथं हवाबाईची खरी परीक्षा सुरू व्हायची. पाय किती चालतात हे तिच्या लेखी दुय्यम होतं. उंचीवर पाय चालतच राहतात, माणसाला मारतं ते डोकं. ऑक्सिजन कमी पडला की आधी शहाणपण जातं, आणि शहाणपण गेलं हे कळायला जे शहाणपण लागतं तेही त्याच्याबरोबरच जातं. दारुड्याला आपण झिंगलोय हे पटत नाही, तसंच. म्हणून ती प्रत्येकाला शंभरातून सात-सात वजा करायला लावायची. जो अडखळेल त्याला थांबवायची.

"कर सुरू," ती माईकमध्ये म्हणाली.

"शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर..." भिंगरी खणखणीत सुटली. "पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न..."

एक चूक नाही. मेकॅनिकनं कौतुकानं मान डोलावली. "मॅडम, पोरगी तयार आहे हो!"

आता 'नाही' म्हणायला कारणच उरलं नव्हतं. तिनं आकड्याकडे पाहिलं. इतक्या कमी आकड्यावर तिनं भलेभले गडी मुके झालेले पाहिले होते. भिंगरीचा चेहरा राखेसारखा झाला होता, डोळे कुठंतरी लांब लागले होते, आणि तोंड मात्र धावत होतं.

"बास, थांब," हवाबाई म्हणाली.

"...तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन." आणि एक श्वास घेऊन, "शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी..."

थांब म्हटलेलं तिला ऐकूच गेलं नव्हतं. आणि मग हवाबाईला तो ठेका ऐकू आला. आकडे मोजल्याचा तो आवाज नव्हता. शाळेतली पोरं डोलत डोलत पाढे म्हणतात ना, झोपेतून उठवलं तरी म्हणतील असे, तसा तो होता. पोरगी वजाबाकी करतच नव्हती. पोपटपंची चालली होती!

हवाबाईनं पट्टा थांबवायला सांगितला. "भिंगरे, डाव्या बुटाची नाडी सोड आणि पुन्हा बांध."

"हो मावशी," भिंगरी म्हणाली आणि गोड हसली.

दोन वर्षांत तिनं एकदाही असं 'हो मावशी' म्हटलं नव्हतं. ती खाली वाकली. बराच वेळ बोटं चाळवत राहिली. मग ताठ उभी राहिली आणि शाबासकीची वाट पाहत म्हणाली, "झालं!"

तिनं डाव्या बुटाची नाडी उजव्या बुटाच्या नाडीला बांधली होती. चांगली घट्ट, दुहेरी गाठ मारून.

"आता बाहेर ये बघू," म्हणत हवाबाई खुर्चीतून उठलीच होती, पण भिंगरी "हो मावशी" म्हणाली आणि पुढं पाऊल टाकायला निघाली. ती पडायच्या आत हवाबाई आत पोचली, तिला खाटेवर बसवलं आणि तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला. मेकॅनिकनं मशीन बंद करून दार सताड उघडलं. चार श्वासांत पोरीच्या गालांवर रंग आला. आणि रंगाबरोबर जीभही.

"का थांबवलंस? एकही चुकलं नव्हतं माझं!"

"तू आकडे पाठ केले होतेस."

"सगळेच करतात," भिंगरी बेफिकीरपणे म्हणाली. "पळताना म्हणतो आम्ही एकत्र. ठेका छान बसतो."

हवाबाई तिच्याशेजारी खाटेवर बसली. सगळेच करतात. म्हणजे कधीपासून? गेल्या तुकडीनं केलं होतं का? त्या तुकडीतला एक जण पायाची बोटं गमावून परत आला होता, 'तंबूबाहेर मोजे काढून का बसलो, आठवत नाही' म्हणाला होता. त्यालाही तिनंच 'हो' म्हटलं होतं. कंटाळ्यापायी वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारत राहिली आणि पोरांनी तो गाण्यासारखा पाठ केला. एवढी साधी गोष्ट काखेत कळसा असल्यासारखी तिला दिसली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून घेण्याचंही त्राण नव्हतं.

"आईनं सांगितलं ना तुला?" भिंगरीनं मास्क बाजूला केला. "मला माहितीये ती तुला फोन करते. नापास कर म्हणाली ना?"

"हो, म्हणाली."

"बघ!"

हवाबाईच्या लक्षात आलं, आपण कसल्या कात्रीत सापडलोय. खरं बोलायचं म्हणून रात्र काढली, आणि आता खरंच बोलतोय तर तेच खोटं दिसतंय. ती भांडली नाही. खोलीतल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं तिनं भिंगरीला पडद्यावर दाखवलं.

आधी भिंगरी हसली. पडद्यावरची भिंगरी 'हो मावशी' म्हणाली तेव्हा तर खिदळलीच. मग नाड्यांची गाठ आली. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बघताना ती हसत नव्हती.

"मला तर वाटलं, नीट बांधली," ती हळूच म्हणाली.

"वर असंच वाटतं."

"मग वर असताना मला कळणार कसं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत हवाबाईला एकाही गिर्यारोहकानं विचारला नव्हता. सगळे विचारायचे, मी पास का? तिच्या मनात आलं, आता एक शब्दही न बोलता गप्प बसले तरी चालेल. पोरगी नापास झालीय, खरीखुरी झालीय, कुणाला जाब द्यायचा नाही. ताई सुखानं झोपेल. तुकडी निघायला अजून वेळ होता, तोवर पुन्हा चाचणी देता आली असती, पण त्याची आठवण कुणी करून द्यायलाच हवी असं थोडंच होतं! तिनं वाकून भिंगरीच्या बुटांमधली ती दुहेरी गाठ सोडवली. शेवटी म्हणाली, "ते शिकता येतं. उद्यापासून झोपायचं इथंच."

मग ते दिवस सुरू झाले. शरीर म्हणजे कचेरीतला जुना कारकून, घाई केली की काम अडवून ठेवतो. धीरानं घेतलं तर मात्र सगळं करतो. श्वास खोल होतो, रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात, पण त्याच्या गतीनं. म्हणून भिंगरी दिवसा जास्त उंचीची हवा खायची आणि झोपायची कमी उंचीच्या हवेत. दर खेपेला हवाबाई नवा प्रश्न काढायची. कधी घरातल्या वस्तू उलट्या क्रमानं सांगायच्या, कधी गाठी मारायच्या, कधी नुसतं काल कशावरून भांडलो ते सांगायचं. त्यातून दोघींना कळलं की भिंगरीचं डोकं जायला लागलं की आधी तिचं भांडण जातं. ती गोड होते. हवाबाईनं तुकडीला बजावून ठेवलं, ही 'हो' म्हणायला लागली की हिचं काही ऐकू नका, मास्क लावा आणि खाली आणा. आणि भिंगरीकडून कबूल करून घेतलं, सोबत्यानं माघारी फीर म्हटलं की फिरायचं, शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी. बाकीच्यांनाही एकेक करून नव्यानं आत घेतलं. त्यातले दोघे गळले आणि हवाबाईला शिव्या देत गेले.

मावशी-भाचीच्या नाकी नऊ आले. आणि एक दिवस त्याच आकड्यावर, त्याच हवेत, भिंगरीनं नाडी नीट बांधली, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, वर "हा काय प्रश्न आहे?" म्हणून वादही घातला. मग स्वतःच हात वर करून म्हणाली, "मावशी, आता जरा गोड वाटायला लागलंय. काढ मला."

पास. यात शंकाच नव्हती. हवाबाईला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडावंसं वाटलं. पोरीला घरी ठेवता आलं असतं, आणि आपणच तिला जाण्याजोगी केली.

तिनं स्वतः ताईला फोन करून सांगितलं. ताई ओरडली नाही. "मला ती खोली बघायचीय," एवढंच म्हणाली.

ताई आली ती सरळ प्रयोगशाळेतच. हातात पिशवी, चष्मा नाकावर घसरलेला. भिंगरीला तिनं जवळ घेतलं नाही, बोललीही नाही. काचेच्या खोलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मला आत बसव. ही वर जिथं झोपणार तिथली हवा कर."

"ताई, काहीतरीच काय!"

"वीस वर्षं लोकांना बसवतेस, मला बसवायला काय होतंय?"

मेकॅनिक कुरकुरला. हवाबाईनं ताईचा रक्तदाब, छाती, सगळं तपासलं. सगळं ठणठणीत निघालं, नाही म्हणायला निमित्तच मिळालं नाही. पायथ्याच्या तळापुरतीच हवा उतरवीन, त्यावर एक पायरीही नेणार नाही, असं बजावून तिनं ताईला खुर्चीवर बसवलं आणि चिमटा लावला. ताईनं पिशवीतून एक शिवायला घेतलेला परकर काढला आणि खालची पट्टी दुमडून हातशिलाई सुरू केली. रिकामं बसणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

भिंगरी काचेबाहेर, मावशीच्या खुर्चीमागं उभी राहिली. ती या बाजूला कधी उभीच राहिली नव्हती.

हवा उतरली. काही वेळ ताईचे टाके मुंगीच्या पावलांसारखे बारीक पडत होते. मग एक लांब पडला. मग दोन. ताईचा श्वास मोठा झाला, ओठांच्या कडा काळसर दिसू लागल्या. तिनं सुई कापडात घातली ती बोटातच गेली. रक्ताचा थेंब पांढऱ्या पट्टीवर उतरला आणि ताई शिवतच राहिली.

"मावशी, तिला लागलंय."

"दिसलं मला. आकडा ठीक आहे. या उंचीला एवढं होतंच."

"पण तिला कळलंच नाही!"

"ताई, बरं वाटतंय ना?" हवाबाईनं माईकमध्ये विचारलं.

ताईनं मान वर केली. "छान वाटतंय की," ती म्हणाली. "अजून थोडी कमी कर हवी तर."

भिंगरीनं काचेवर थाप मारली. "आई! ये बाहेर!" ताईनं तिच्याकडे पाहून हात हलवला आणि पुन्हा शिवू लागली. "मावशी, काढ ना तिला. काढ ना गं! आकडे राहू देत तुझे, मला बघवत नाहीये!" आणि हवाबाई उठायच्या आत भिंगरी दार ढकलून आत गेली, आईच्या हातातलं कापड ओढून घेतलं आणि तिला काखेत धरून बाहेर आणलं. बाहेरच्या बाकावर तिला बसवून ती तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. "मी इथंच होते," ती म्हणत होती, "आणि मला काहीच करता येत नव्हतं."

ताईचा श्वास हळूहळू जागेवर आला. तिनं मुलीच्या केसांतून हात फिरवला, मग तिच्या मुठीतलं कापड घेऊन, उलगडून चष्म्यातून पाहिलं. टाके वेडेवाकडे, लाल ठिपके. ती बराच वेळ ते पाहत राहिली.

"मला वाटलं, सरळ रेघेत चाललंय," ती म्हणाली.

मेकॅनिक उगाचच मशीन पुसत राहिला. मग भिंगरीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "नको जाऊ का मी, आई?" हा प्रश्न तिनं आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता आणि तो खरा होता.

"तू हात वर करून बाहेर आलीस म्हणे," ताई म्हणाली. "मला नाही जमलं ते. तू जा. आणि जीव घाबरला की असाच हात वर करून खाली ये."

मग ती धाकट्या बहिणीकडे वळली. हवाबाई अजून आपल्या खुर्चीशीच उभी होती, माईक हातात धरून.

"आणि तू गं?" ताईनं विचारलं. "तू रोज इथं बसून हे बघतेस?"

"बघते."

"हिलाही बघितलंस? इतके दिवस? एकटीनं?"

हवाबाईला 'सवय आहे' म्हणायचं होतं. पण वीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. आत बसणाऱ्याची नाडी सगळ्यांनी विचारली, बाहेर बसणाऱ्याची कुणी नाही. ती किती थकली होती हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती मटकन खुर्चीत बसून लहान मुलीसारखी रडायला लागली.

ताई उठली, भिंत धरत धरत तिच्यापाशी आली. "ही वर जाईल तेव्हा मी दुकान बंद करून तुझ्याकडे येते," ती म्हणाली. "फोन येईल न येईल. दोघी बसू."

आणि कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून ती तिच्याशेजारी बसली.